लिलावात मांडलेलं एक पान

(गाव, जिल्हा आणि माणसांचे तपशील ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत. लिहिणारा न्यासाचा खजिनदार आहे. काही निर्णय माझेच होते, तेव्हा तटस्थपणाची फार अपेक्षा ठेवू नये.)

पार्श्वभूमी

आमचा न्यास लहान आहे. सात विश्वस्त, एक पगारी माणूस आणि पुण्यात एका विश्वस्तांच्या घराची वरची खोली, तेच कार्यालय. कामही एकच. सह्याद्रीतल्या एका कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत आहे. तिच्यासाठी खालच्या पठारावर मेलेली जनावरं आणून टाकायची. गावात या जागेला ‘गिधाडांची खानावळ’ म्हणतात आणि आता आम्हीही तेच म्हणतो. पंचक्रोशीत बैल किंवा म्हैस मेली की राखणदाराला फोन येतो. तो टेम्पो घेऊन जातो, मालकाला दोन-चार प्रश्न विचारतो, वहीत नोंद करतो आणि जनावर पठारावर नेऊन टाकतो. टेम्पोच्या एका खेपेचे अडीच हजार रुपये होतात.

यातले दोन-चार प्रश्न महत्त्वाचे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली लांब चोचीची गिधाडं सुमारे ९७ टक्के कमी झाली. पांढऱ्या पाठीची तर ९९ टक्क्यांहून जास्त. कारण २००४ साली समोर आलं: गुरांना ताप-दुखण्यावर टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक. सुई दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. मेलेलं गिधाड उघडलं तर आतल्या अवयवांवर पांढरी पूड बसलेली दिसते, ते युरिक आम्ल. भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आणली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलीपुरतीच ठेवली. २०२३ मध्ये गुरांसाठीच्या असिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या औषधांवरही बंदी आली. मेलोक्सिकॅम हे त्याच कामाचं औषध मात्र गिधाडांना चालतं.

या विषयातला एक आकडा मला सगळ्यात भीतीदायक वाटतो. गिधाडांची एवढी पडझड व्हायला किती जनावरांत औषध असावं लागतं, याचा हिशोब अभ्यासकांनी मांडला. हजार मेलेल्या जनावरांमागे आठांहूनही कमी पुरतात. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे गेलेलं भरून यायला एक पिढी जाते. म्हणून आमच्या वहीत ‘सुई कोणती दिली?’ असा एक रकाना आहे. मालकाला सांगता आलं नाही, तर ते जनावर पठारावर न टाकता पुरायचं.

हा रकाना ज्यांनी आखून दिला त्या मॅडम वन्यजीव शास्त्रज्ञ आहेत, केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या एका संशोधन संस्थेत. अठरा वर्षं त्या या कड्याखाली येताहेत. गावात त्यांना ‘गिधाडवाल्या मॅडम’ म्हणतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात आमचा एकमेव मोठा देणगीदार थांबला. वर्षाचा खर्च तीन लाखांच्या घरात आणि खात्यात चार महिन्यांचे पैसे. तेव्हा निधीसाठी लिलाव करायचं ठरलं. दोन-तीन चित्रकारांनी चित्रं दिली, एकाने छायाचित्रं, कुणी पैठणी दिली. अध्यक्ष निवृत्त बँक अधिकारी, शेअर बाजाराचे शौकीन. त्यांनी सुचवलं, “बफेसारखं करू. मॅडमसोबत जेवण.”

अमेरिकेतले गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्यासोबतचं जेवण २००० पासून २०२२ पर्यंत सॅन फ्रान्सिस्कोतल्या ग्लाइड या संस्थेसाठी लिलावात विकलं जायचं. शेवटची बोली १ कोटी ९० लाख डॉलर होती. २००७ मध्ये ते जिंकणाऱ्या दोघांपैकी मोहनीश पबराई मुंबईत जन्मलेले, त्यामुळे अध्यक्षांना ती गोष्ट पाठ होती. त्यातला एक बारकावा मात्र त्यांनी सांगितला नाही, आणि आम्हीही विचारला नाही. तिथे पाहुणे किती आणायचे ते ठरलेलं असे आणि एक विषय स्पष्टपणे वगळलेला असे. बाकी काहीही विचारा, पण पुढची गुंतवणूक कशात हे विचारायचं नाही.

लिलावात काय मांडलं होतं

आमच्या पत्रकातली ओळ जशीच्या तशी देतो: “गिधाडांच्या शास्त्रज्ञांसोबत एक संस्मरणीय भोजन आणि मनमोकळ्या गप्पा.” ही ओळ मी लिहिली. लिहायला तीन मिनिटं लागली असतील.

मॅडमनी फोनवर “ठीक आहे, पैशाची गरज आहेच” म्हटलं होतं. जेवण कुठे, कितीजणांचं, बिल कोणाचं, किती वेळ, यातलं काहीच ठरलं नव्हतं. त्यांच्या संस्थेची परवानगी लागेल हेसुद्धा पत्रक छापून झाल्यावर त्यांनाच आठवलं. सरकारी सेवानियमांप्रमाणे मंजुरीशिवाय निधी गोळा करण्यात भाग घेता येत नाही, आणि त्यांच्या संस्थेला तसेच नियम लागू आहेत. संचालकांचं पत्र लिलावाच्या आदल्या दिवशी मिळालं. मिळालं नसतं तर आम्ही काय केलं असतं, याची चर्चा आजतागायत झालेली नाही.

लिलाव पुकारणारे आमचे विश्वस्त पेठेतल्या एका गणेश मंडळाचे जुने कार्यकर्ते. दरवर्षी विसर्जनाआधी प्रसादाच्या नारळाचा लिलाव तेच करतात. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात लिलाव म्हणजे तोच नमुना होता. नारळ अकरा हजारांना गेला तरी घेणाऱ्याला नारळच मिळतो, वर मान मिळतो आणि तो घरी जातो. नारळाला कोणी विचारत नाही की पुढच्या महिन्यात माझ्या शेतघरावर येशील का.

अडचण पहिली: बोली कोणाची होती

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. जेवणाची बोली अकरा हजारांपासून सुरू झाली. निवृत्त शिक्षिकांचा आठ जणींचा एक गट होता, त्यांनी भिशीतून पैसे काढले होते आणि दर वेळी आपसात कुजबुजून हात वर करत होत्या. एक गृहस्थ मागच्या रांगेत, पांढरा सफारी, शांत. आणि एक बाई कानाला फोन लावून. त्यांचा भाऊ न्यू जर्सीत असतो, तिथे पहाट होती, तो फोनवरून आकडे सांगत होता.

साठ हजारांवर शिक्षिका थांबल्या. त्यानंतर सफारीवाले आणि न्यू जर्सी यांच्यातच जुंपली. सत्तर, ऐंशी, एक लाख. लोक टाळ्या वाजवू लागले. एक लाख चाळीसवर न्यू जर्सी थांबलं. एक लाख एक्कावन्न. एक वार, दोन वार, तीन वार. मी टेबलाशी बसून वहीत आकडा लिहिला आणि मनातल्या मनात सहा महिन्यांचे टेम्पो मोजले.

तीन दिवसांनी त्या बाई कार्यालयात आल्या. भावाला वाईट वाटतंय, त्याला तरीही पन्नास हजार द्यायचेत, पावती कशी मिळेल? मी सहज विचारलं, पासपोर्ट भारतीय आहे ना? नव्हता. दहा वर्षांपूर्वी अमेरिकन नागरिकत्व घेतलेलं, हातात ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए कायद्याखाली नोंदणी लागते, ती आमच्या न्यासाची नाही. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे दिले तर ती परदेशी देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललेल्याने दिले तर ठरते, मग तो सदाशिव पेठेत वाढलेला का असेना. आमच्या एका विश्वस्तांनी सुचवलं की पैसे बहिणीच्या खात्यातून येऊ देत. सीएंनी एका वाक्यात नाही म्हटलं.

पन्नास हजार गेले, त्याचं दुःख झालं. पण खरी अडचण रात्री जेवताना लक्षात आली. न्यू जर्सीवाला भाऊ जिंकला असता तरी आम्हाला त्याचे पैसे घेता आले नसते. म्हणजे पासष्ट हजारांच्या पुढे बोली चढली ती अशा माणसामुळे, ज्याला बोली लावायचाच अधिकार नव्हता. कायद्याने पैसे देऊ शकणाऱ्यांतली दुसरी सर्वात मोठी बोली साठ हजार होती. आमची पायरी पाच हजारांची. वरचे शहाऐंशी हजार सफारीवाल्यांनी एका पोकळ बोलीशी झुंजून वाढवले होते.

अडचण दुसरी: जिंकलं कोण

सफारीवाले हे गुरांच्या औषधांचे घाऊक वितरक निघाले. चार जिल्ह्यांत माल जातो. आठवड्याभरात त्यांच्या व्यवस्थापकाचा फोन आला. मालकांसोबत बारा पाहुणे असतील. जेवण त्यांच्या शेतघरावर, संध्याकाळी. छायाचित्रकार येईल. मॅडमचा फोटो नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेत घ्यायचाय, खाली एक ओळ: ‘गिधाडांना सुरक्षित मेलोक्सिकॅम’, आणि त्यापुढे त्यांच्याकडच्या ब्रँडचं नाव. जेवणानंतर शक्य झालं तर घरटी बघायला जायचं, मुलाकडे ड्रोन आहे. रकमेतले निम्मे रोख चालतील का? आणि पूर्ण रकमेची ऐंशी-जीची पावती, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी.

एवढं सगळं एका फोनमध्ये, अतिशय नम्रपणे. त्यांच्या बाजूने पाहिलं तर यातलं काहीही वावगं नव्हतं. ‘संस्मरणीय भोजन आणि मनमोकळ्या गप्पा’ याचा अर्थ त्यांनी त्यांच्या परीने लावला होता.

मेलोक्सिकॅमचा प्रचार व्हावा ही तर आमचीच इच्छा. म्हणूनच गुंता वाढला. त्यांच्या दरपत्रकात मेलोक्सिकॅमच्या चार ओळी खाली निमेसुलाइडचं इंजेक्शन होतं. निमेसुलाइडही गिधाडांना मारतं, असं तोवर अभ्यासांतून पुढे आलं होतं, पण डिसेंबरच्या त्या पहिल्या आठवड्यात गुरांसाठी ते विकणं कायदेशीर होतं. एका हाताने मेलोक्सिकॅम, दुसऱ्या हाताने निमेसुलाइड, आणि मध्ये मॅडमचा फोटो.

समोर असलेले पर्याय

विश्वस्तांची बैठक अडीच तास चालली. एरवी आमच्या बैठका चहा येईपर्यंत संपतात.

अध्यक्षांचं म्हणणं सरळ: हातोडा पडला, व्यवहार झाला. एक लाख एक्कावन्न घ्या, बाकी मॅडम सांभाळून घेतील. न्यू जर्सीचं कोणाला कळलेलं नाही. यात एक तथ्य होतं. बोली लावताना आम्हालाही ते माहीत नव्हतं, आम्ही कोणाला फसवलं नव्हतं. पण आता माहीत होतं, आणि पैसे अजून यायचे होते.

दुसरा पर्याय, लिलावातली ही वस्तूच रद्द करायची. तरुण विश्वस्त बाईंचा त्यावर जोर होता. औषधवाल्याच्या पैशावर गिधाडं जगवायची, हे लोकांना कसं दिसेल? मला हे पटलं नाही. दिसण्याचा प्रश्न होताच, पण वितरकाशी भांडण ओढवून घेणं आम्हाला सगळ्यात महागात पडलं असतं. गोठ्यात कोणती बाटली जाते ते ज्या साखळीत ठरतं, तिच्या मधोमध हा माणूस बसलेला होता.

तिसरा, शिक्षिकांना पासष्ट हजारांत देऊन टाकायचं. मनातून मला हेच आवडत होतं. पण जिंकलेल्या माणसाला कोणत्या कारणाने बाजूला करणार? त्याची काही चूक नव्हती.

चौथा पर्याय मॅडमनी स्वतः दिला, फोनवरून. “मी जेवायला येईन. दुपारी. राखणदाराच्या घरी. पाच माणसं. फोटो आणि कॅलेंडर नाही, ड्रोन तर नाहीच. त्यांना विचारा, चालतंय का. नसेल चालत तर पैसे द्यायची सक्ती नाही.”

ड्रोनबद्दल त्यांनी कायदाच दाखवला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं धरलेलं आहे आणि ही गिधाडं पहिल्या अनुसूचीत येतात. जानेवारीत कड्यावर गिधाडं अंड्यांवर बसलेली असतात. ड्रोनच्या आवाजाने उठली आणि अंडं कड्यावरून गेलं, तर त्या जोडीचं ते वर्ष गेलं.

काय केलं

मी आणि अध्यक्ष त्या गृहस्थांना त्यांच्या गोदामात जाऊन भेटलो. अध्यक्ष येणार नव्हते, शेवटच्या क्षणी आले, आणि ते आले म्हणूनच निभावलं. व्यापाऱ्याशी कसं बोलायचं ते त्यांना कळतं.

आधी न्यू जर्सीचं सांगितलं. ‘पासष्ट हजार द्या, ती तुमची खरी बोली,’ असं मी म्हणालो. त्यांनी गल्ल्यावरून वर पाहिलं, मग हसले. “साहेब, चाळीस वर्षं धंदा करतोय. भाव कमी करा म्हणायला माझ्या दारात कोणी आलं नव्हतं.” मग त्यांनी सवयीने घासाघीस केली, फक्त उलट्या दिशेने. शेवटी एक लाख एक हजारावर ठरलं. तो आकडा कसा आला ते मला आजही सांगता येणार नाही.

रोख घेणार नाही हे सांगितलं, ते लगेच मान्य झालं. ऐंशी-जीवर जास्त वेळ गेला. त्या कलमात दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीला सवलत नव्हती, पण हे पैसे बँकेतून येणार होते. प्रश्न वेगळा होता. देणगी म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेले पैसे, आणि इथे तर मोबदला ताटात वाढला जाणार होता. आमच्या सीएंचं मत असं की पावती लिलावाच्या रकमेची द्यावी, ऐंशी-जीची देऊ नये. हे लिलावाआधी पत्रकात छापायला हवं होतं. गृहस्थ नाराज झाले, आणि त्यांची नाराजी रास्त होती.

बाकीच्या अटी मी एका कागदावर लिहून नेल्या होत्या. तो त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. “म्हणजे मी नक्की काय विकत घेतलंय?” असं विचारलं. अध्यक्ष म्हणाले, “दोन तास आणि एक भाकरी.”

जेवण

ठरलेल्या तारखेआधी एक गोष्ट घडली, जिच्याशी आमचा काही संबंध नव्हता. ३० डिसेंबर २०२४ ला केंद्र सरकारने गुरांसाठीच्या निमेसुलाइडवर बंदी आणली. मॅडमचा मला एकच संदेश आला: “आता जेवण सोपं झालं.” तसं काही झालं नाही.

जानेवारीच्या मध्यावर गृहस्थ आले. सोबत मुलगा, व्यवस्थापक आणि त्यांचे ओळखीचे एक गुरांचे डॉक्टर. राखणदाराच्या अंगणात सारवलेल्या जमिनीवर पानं मांडली होती. नाचणीची भाकरी, पिठलं, वालाचं बिरडं, ठेचा. अंगणातून कडा समोर दिसतो, दीड-एक किलोमीटरवर. त्यावर चुना सांडल्यासारखे पांढरे ओघळ आहेत, ती गिधाडांची विष्ठा. मॅडमनी तिकाटण्यावर दुर्बीण लावून ठेवली होती. गृहस्थ बराच वेळ डोळा लावून होते. बाजूला झाले तेव्हा म्हणाले, “बसलीय. हलतच नाही.” मॅडम म्हणाल्या, “पन्नासेक दिवस हेच काम. नर-मादी आळीपाळीने बसतात.”

अर्धं जेवण झालं असेल, तोच टेम्पो आला. मागे एक बैल, ताडपत्रीखाली. राखणदार पानावरून उठला, हात धुतला आणि वही घेऊन गेला. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“कधी मेला?”
“पहाटे.”
“सुई दिली होती?”
“परवा दिली ना. ताप होता.”
“कोणती?”
“ते कुठं ठावं. बाटलीतली दिली.”
“कोणी दिली?”

मालकाने एक नाव सांगितलं. आमच्या पंगतीतल्या डॉक्टरांनी मान हलवली. तो डॉक्टर नव्हे. दुकानातून बाटल्या घेतो आणि गोठ्यागोठ्यात फिरतो.

“पावती?”

मालक नुसता हसला.

राखणदाराने वहीत रेघ ओढली आणि जेसीबीवाल्याला फोन लावला. खड्ड्याचे अठराशे. बैल पठारावर जाणार नव्हता. त्यात कदाचित मेलोक्सिकॅमच असेल, पण ‘कदाचित’वर जनावर टाकता येत नाही. गृहस्थ भाकरीचा तुकडा हातात धरून हे बघत होते. मुलाने हळूच विचारलं, “हे खड्ड्याचे पैसे कोण देतं?” मी म्हणालो, “आज तुमचे बाबा देताहेत.”

त्यानंतर बोलणं खऱ्या अर्थाने सुरू झालं. मॅडमनी त्यांचं दरपत्रक मागितलं. व्यवस्थापकाने बॅगेतून काढलं. त्या बोट फिरवत खाली गेल्या आणि एका ओळीवर थांबल्या. “हे जास्त कोण उचलतं?” गृहस्थ म्हणाले, “मागतात म्हणून ठेवत होतो. ताप लगेच उतरतो म्हणतात लोक. बंदी आली, माल परत केला. बंदी आली म्हणून केला हं, तुमच्या पिठल्यामुळे नाही.” त्यांचा हा प्रामाणिकपणा मला त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा वाटला.

मॅडमनी उपदेश केला नाही. कोणत्या तालुक्यात दुखण्यावरची इंजेक्शनं जास्त खपतात, दुकानदार बिल कधी देत नाहीत, फिरत्या लोकांकडे माल कसा पोचतो, असंच विचारत राहिल्या. अठरा वर्षं त्या मेलेल्या जनावरापासून मागे मागे जात आल्या होत्या. कारखान्यापासून पुढे येणारा माणूस त्यांच्या समोर पहिल्यांदाच बसला होता. दोन तासांची वेळ संपल्याचं मीच सांगितलं, आणि दोघांनीही ऐकलं नाही.

निष्पत्ती

एक लाख एक हजार बँकेत जमा झाले. राखणदाराच्या घरी जेवणाचे चोवीसशे दिले.

दोन आठवड्यांनी व्यवस्थापकाने दोन तालुक्यांतल्या एकतीस दुकानांची यादी पाठवली. दुखण्यावरची इंजेक्शनं सर्वात जास्त उचलणारी दुकानं. आम्ही गावोगावी सरसकट भित्तिपत्रकं लावत फिरायचो, आता आधी त्या एकतीस ठिकाणी जातो. लिलावाच्या रकमेपेक्षा मी ही यादी मोठी मानतो. अध्यक्ष मानत नाहीत.

दिनदर्शिका निघाली नाही. पण मुलाने दुर्बिणीजवळ उभ्या मॅडमचा एक फोटो काढला होता आणि तो त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर दिवसभर होता. मार्चमध्ये कळलं की एक विक्री प्रतिनिधी दुकानात सांगतोय, “गिधाडवाल्या मॅडमनी आमचंच मेलोक्सिकॅम घ्या म्हटलंय.” मॅडमना वितरकाला पत्र लिहावं लागलं: औषध चालतं, ब्रँडबद्दल आपण काही म्हटलेलं नाही. उत्तर दोन ओळींत आलं, दिलगिरीचं. प्रतिनिधी थांबला की नाही ते तपासायला आमच्याकडे माणूस नाही.

शिक्षिकांपैकी एकीने नंतर मला फोन केला. त्यांना कुठून तरी सगळं कळलं होतं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, “पासष्ट आम्हाला परवडले असते.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्यासाठी वेगळं जेवण ठरवावं असं मी बैठकीत दोनदा मांडलंय. मॅडमच्या तारखा मिळत नाहीत हे खरं, पण आम्ही विचारायला उशीर केला हेही खरं.

वेगळं काय करता आलं असतं

बोली लावणाऱ्याने आधी नाव नोंदवायचं, नागरिकत्व सांगायचं, दुसऱ्याच्या वतीने बोलणार असेल तर ते लिहून द्यायचं. दारात एक टेबल आणि एक तक्ता, एवढंच लागलं असतं. न्यू जर्सीचा प्रश्न सभागृहात शिरलाच नसता.

संस्थेची परवानगी पत्रकाआधी घ्यायची, यावर लिहिण्यासारखं काही नाही.

जिंकणाऱ्याचा व्यवसाय आधी विचारायचा का, यावर अजून एकमत नाही. तरुण विश्वस्त बाई म्हणतात, विचारायचाच. मला भीती वाटते की विचारलं असतं तर आम्ही त्या गृहस्थांना दारातूनच परत पाठवलं असतं, आणि ती एकतीस दुकानं आम्हाला कधी कळली नसती. उलट, हेही मान्य करायला हवं की आमचं नशीब चांगलं होतं. निमेसुलाइडवरची बंदी तीन आठवडे उशिरा आली असती, तर त्या अंगणात मॅडम एका चालू विक्रेत्याच्या पैशाचं जेवण जेवत बसल्या असत्या आणि दरपत्रकातली ती ओळ तिथेच असती.

पैसे कमी करून घ्यायला जाण्याबद्दल अध्यक्ष अजून मला टोमणे मारतात. पुन्हा वेळ आली तर मी जाईन, फक्त आकडा आधी ठरवून जाईन. गोदामात उभं राहून ठरवला, म्हणून तो धड खरी बोलीही राहिला नाही आणि धड देणगीही.

पुढच्या लिलावासाठी त्या तीन मिनिटांच्या ओळीच्या जागी आता अर्ध्या पानाचा मसुदा आहे. पाहुणे पाच, दुपारची वेळ, शाकाहारी घरगुती जेवण, बिल न्यासाचं, फोटो विचारून, ब्रँडचं नाव नाही, घरटी नाहीत, ड्रोन नाही, ऐंशी-जी नाही. शेवटी सवयीने मी ‘मनमोकळ्या गप्पा’ पुन्हा लिहिलं होतं. मसुदा मॅडमकडून परत आला तेव्हा ते दोन शब्द पेन्सिलीने खोडलेले होते आणि वर लिहिलं होतं: ‘दोन तास. टेम्पो आला तर जास्त.’